कुंदाची जीभ

कुंदा आमच्या कंपनीत आली तेव्हा मी तिथं नऊ वर्षं काढली होती. कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. चिवडा, वेफर्स, सूप, नूडल्स यांना लागणारे मसाले आम्ही बनवतो. बनवतो म्हणजे दळतो, मिसळतो आणि पुड्या भरून देतो. माल पास की नापास हे ठरवायची खोली वरच्या मजल्यावर आहे. तिला सगळे लॅब म्हणतात आणि तिथं मी बसते. मी उल्हासनगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, वर अन्नपदार्थांच्या तपासणीचा डिप्लोमा केला. कुंदा खाली पुड्या भरायला लागली होती. दहावीला एकदा बसली, गणितात राहिली, परत बसली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कितीतरी दिवस मी हे मनातल्या मनात स्वतःला सांगत होते.

ती बदलापूरजवळच्या खरवईची. घरची भातशेती होती तोवर तिनं भात लावला, कापला, झोडला. मग भावकीनं जमीन विकली आणि शेताच्या जागी सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. कुंदाच्या वाट्याला जुनं घर आणि मागचं परस तेवढं उरलं. अंगानं ठेंगणी, कपाळावर हिरवं गोंदण, चालताना पावलाचा आवाज नाही. वयानं माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल. खालच्या बायका तिला कुंदाताई म्हणायच्या. मी कुंदा म्हणायचे. ती मला मॅडम म्हणायची.

तिची नि माझी पहिली गाठ पडली ती धण्यावरून. एक दिवस न बोलावता ती वर आली. हातातल्या कागदावर चिमूटभर मसाला होता. म्हणाली, "मॅडम, ह्यातलं धणं भिजून वाळलेलं हाये."

तो लॉट मी दोन दिवसांपूर्वी पास केला होता. ओलाव्याचा आकडा नीट आला होता, रिपोर्टवर माझी सही होती. मी तिला म्हटलं, तू पुड्या भर, बाकीचं आम्ही बघतो. तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. नेमके आमचे मॅनेजर सावंतसाहेब तिथंच उभे होते. त्यांनी खाली जाऊन धण्याची सगळी थप्पी उतरवायला लावली. तळाच्या गोण्यांवर पाण्याचे डाग होते. कुठल्याशा गोदामात त्या भिजल्या असणार आणि उन्हात सुकवून आमच्या गळ्यात मारल्या असणार. मी नमुना घेतला होता तो वरच्या गोण्यांतून.

पुढच्या आठवड्यात सावंतसाहेबांनी कुंदाला वर बसवलं, माझ्या मदतीला. माझ्या मदतीला, असं ते म्हणाले.

तेव्हापासून दोन वर्षं ती माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. काही चाखायचं असलं की आधी कोमट पाण्याची चूळ भरायची, मग चार चुरमुरे चावायची आणि मिनिटभर गप्प राहायची. पदार्थ तोंडात घेतला की तिचा डावा डोळा आपोआप मिटायचा. छान किंवा वाईट हे शब्द तिच्याकडे नव्हतेच. जमलं असेल तर "बसलं", नसेल तर "लोंबतंय". मी म्हणायचे मीठ कमी आहे. ती म्हणायची, मीठ बरोबर हाये, आंबट आधी येतंय म्हणून मीठ दिसत नाय. आणि आंबट कमी केलं की मीठ खरंच जागेवर यायचं. माझ्या यंत्राला हे कधी सांगता आलं नसतं आणि मलाही नाही.

जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्यापुढं डबे सरकवायच्या. आजची भाजी सासूनं केली की सुनेनं, हे ती एका घासात सांगायची आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दूध बदललं तर पहिल्या घोटाला तिला कळायचं. मी आपला डबा घेऊन लॅबमध्येच जेवायचे. माझा डबा तिच्यापुढं मी कधी उघडला नाही.

मला तिचा हेवा वाटायचा, हे आता लिहायला सोपं जातंय. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचे. तिला वहीत सगळं मोजून लिहायला लावायचे. एकदा तिनं सायट्रिक अॅसिड लिहिताना 'सायटीक' लिहिलं तर ती वही मी सावंतसाहेबांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. कुंदा हसली नाही, रागावलीही नाही. "बरोबर कसं लिव्हायचं?" एवढं विचारून तिनं ते खोडून नीट लिहिलं. आणि घरी मी काय करत होते? स्वयंपाकघरात उभी राहून चुरमुरे चावत होते. कोमट पाणी पीत होते. आमटीचा चमचा तोंडात धरून डावा डोळा मिटून बघत होते. माझ्या लेकीनं, श्रुतीनं, एकदा पाहिलं आणि विचारलं, आई, डोळ्यात काही गेलंय का?

मग हासूभाईंचं काम आलं. हासूभाई म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकमधले घाऊक व्यापारी, सिंधी, बिस्किटं आणि बाहेरदेशची खाऊची पाकिटं विकणारे. त्यांनी थायलंडहून नूडल्स मागवल्या होत्या, तिथल्या सगळ्यात स्वस्तातल्या. पाकिटात वाळलेल्या नूडल्सची वडी, एक मसाल्याची पुडी आणि लालसर तेलाची एक छोटी पिशवी. तेलात कोळंबी होती. माल दिसायला झकास, पण गोदामात पडून होता. हासूभाई आमच्या लॅबमध्ये बसून म्हणाले, "मॅडम, पहिला पॅकेट हर कोई लेता है. दुसरा कोणी घेत नाही. मला दुसरा पॅकेट विकायचा आहे."

गिऱ्हाइकांची तक्रार एकच होती, माशाचा वास येतो आणि गोड लागतं. प्रत्येक पाकिटाला वरून एक छोटी जादा पुडी चिकटवायची, जिच्यानं ही चव सुधारेल, असा त्यांचा बेत. जमलं तर ते वर्षभर माल मागवणार होते आणि पुडीचं काम आमचं. आमच्याकडे तेव्हा कामाची चणचण होती. खालची एक लाईन बंद करायची बोलणी चालू होती आणि त्या लाईनवरच्या बायका रोज वर येऊन कुंदाला विचारत होत्या, काही जमतंय का.

मी पाकिटावरचा मजकूर वाचला आणि दोन दिवसांत पुडी बनवली. गरम मसाला, लसूण, कांदा, थोडं लिंबाचं सत्त्व. माशाचा वास दडपायचा हा माझा विचार. हासूभाईंनी वाटी संपवली. सभ्य माणूस. म्हणाले, मॅडम, ये तो अपना ही हो गया, फिर थाईलैंड से क्यों मंगाऊं?

कुंदानं त्या दिवशी दोन पाकिटं घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती स्टीलचा डबा घेऊन आली आणि हासूभाईंना फोन करून बोलवा म्हणाली. मी म्हटलं, आधी मी बघते. झाकण काढलं आणि वास आला तेव्हाच मला कळलं की हे झालंय. एक घास खाल्ला. कोळंबी होती, पण उग्र नव्हती. गोड होतं, पण गोड वाटत नव्हतं. गिळल्यावर घशाशी एक हिरवा, स्वच्छ वास राहत होता. हासूभाईंनी डबा पुसून खाल्ला आणि मग शांतपणे विचारलं, यात काय आहे?

परसातला गवती चहा, ईडलिंबाची पानं, भाजलेली सुकी मिरची, चिंच आणि खोबरं. एवढंच. कुंदा म्हणाली, "ह्यात आपलं काय घालायचंच नाय. त्यांच्याच जेवणातलं जे गाळलंय ते परत घालायचं."

मी विचारलं, त्यांच्या जेवणात काय असतं हे तुला कुणी सांगितलं?

"कोणी नाय. खाताना मधी खड्डा लागतो ना, तिथं काय असंल ते बघायचं."

संध्याकाळी मी इंटरनेटवर शोधलं. थाय लोक एक आंबट-तिखट सूप करतात, त्यात तेच होतं. गवती चहाची कांडी, लिंबाच्या जातीचं एक पान, चिंच, भाजकी मिरची. स्वस्त पाकीट करणाऱ्यानं पैसे वाचवायला ते काढून टाकलं होतं. मी हे आधीच वाचू शकले असते. कुंदानं न वाचता, थायलंड नकाशात कुठं आहे हे माहीत नसताना, खरवईच्या परसात बसून ते शोधलं होतं. हासूभाई यायच्या आधी त्या डब्यातलं थोडं मी काढून ठेवलं होतं, ते घरी नेलं. श्रुतीनं ते खाल्लं, वाटी चाटली आणि म्हणाली, त्या काकूंना आपल्याकडे जेवायला बोलव ना. माझे मिस्टर म्हणाले, तूही असं काही करत जा. मी भांडी घासायला उठले.

ताज्या पानांची चव पुडीत आणायची होती आणि ते सोपं नव्हतं. उन्हात वाळवलं की वास उडायचा. सावलीत वाळवलं तर चुऱ्याला कडवटपणा यायचा. दोन महिने कुंदा त्याच्या मागं होती. बायको म्हणून, आई म्हणून तिला घरी काय काय उरकावं लागत असेल हे तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि मग, हासूभाईंसमोरची शेवटची चाखणी बारा दिवसांवर आली असताना, तिला ताप आला.

चार दिवसांनी ती परतली तेव्हा चेहरा उतरला होता. मी हिंगाचा डबा उघडला. एरवी हिंगाचा डबा उघडला की ती खिडकीशी जायची. त्या दिवशी हलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "वास गेलाय, मॅडम. काहीच येत नाय. तोंडात माती घातल्यावानी लागतंय. कोणाला सांगू नका."

मी नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते परत येईल, कधी ते सांगता येत नाही. तिनं मला विचारलं, आठ दिवस तुम्ही माझ्यासाठी चाखाल का?

ते आठ दिवस मी विसरणार नाही. ती नमुना बनवायची, पाणी उकळायची, वाटी माझ्यापुढं ठेवायची आणि विचारायची. आधी काय येतं? जिभेच्या टोकाला की कडेला? मिरची कधी कळते, गिळायच्या आधी की नंतर? पान नाकात जातं की घशातच राहतं? आता पाच श्वास थांबा, आता काय उरलंय? मी सांगायचे, ती वहीत लिहायची, शुद्धलेखनासकट नीट, आणि चिमटीनं काहीतरी बदलायची. नऊ नि दोन अकरा वर्षं मी मसाले तपासले होते, पण चाखणं म्हणजे काय हे त्या आठवड्यात मला पहिल्यांदा समजलं. तिनंच शिकवलं. तिची जीभ मेलेली होती आणि तरी ती माझ्यापेक्षा पुढं होती. मला तिची कीव यायला हवी होती. आलीही असती, पण तिच्या प्रश्नांनी ती येऊच दिली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तिनं पानाचा चुरा किंचित वाढवला आणि वाटी पुढं केली. मी खाल्लं. डबा उघडल्यावर आला होता तोच वास, तीच चव, आता एका कोरड्या पुडीतून. काही लोंबत नव्हतं. कुंदा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बसलं?"

मी म्हटलं, "नाही. पान जास्त झालंय. कडवट येतंय."

हे चुकून झालं असं म्हणायची मला सोय नाही. मी वाक्य पूर्ण केलं, तिच्या डोळ्यांत बघून केलं. तिनं वहीत 'कडवट' लिहिलं आणि पान कमी केलं. नव्या नमुन्याला मी म्हटलं, हां, आता बरं आहे. तिनं सुटकेचा श्वास सोडला. आधीच्या नमुन्याची बाटली मी फेकली नाही. कपाटात मागं ठेवली.

चाखणीला हासूभाई चार दुकानदार घेऊन आले. कँटीनच्या टेबलावर वाट्या मांडल्या. कुंदा नवी साडी नेसून आली होती. खालच्या बायका दाराशी उभ्या होत्या. दुकानदारांनी खाल्लं, एकमेकांकडे पाहिलं. चलेल, म्हणाले. हासूभाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, अच्छा है, पर वो डब्बेवाली बात नहीं आई. सावंतसाहेबांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदानं पटकन वाटीतला एक घास घेतला, जणू त्यानं काही कळणार होतं.

तेव्हा मी म्हटलं, सर, माझ्याकडे आणखी एक नमुना आहे.

त्याच्या वाट्या करून मांडल्या. एका दुकानदारानं दुसरी वाटी मागितली. हासूभाई उठून उभे राहिले, म्हणाले, बस, यही. सावंतसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. दाराशी बायकांनी टाळ्या वाजवल्या, लाईन वाचली होती. मी ते नाव दुरुस्त केलं नाही.

सगळे गेल्यावर कुंदा नळाशी वाट्या धूत होती. मागं न वळता तिनं विचारलं, "तुमच्यात काय होतं, मॅडम?"

"तेच. पान थोडं जास्त."

"किती?"

मी माप सांगितलं. तिनं नळ बंद केला.

"म्हणजे कडवट नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

तिनं पदराला हात पुसले. मला वाटलं आता ही ओरडेल, आणि खरं सांगायचं तर तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "आठ दिस मी तुमच्या तोंडानं खाल्लं." आणि वाट्यांचा ट्रे उचलून निघून गेली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. कृतीच्या कागदावर माझी सही आहे, अजून आहे. पुढच्या सोमवारी तिनं सावंतसाहेबांना सांगून खाली पुड्या भरायचं काम परत मागून घेतलं. लॅबला लागूनच्या खोलीत माझी स्वतंत्र बसायची सोय झाली. एक दिवस खालून गलका ऐकू आला म्हणून मी जिन्यात गेले. बायकांनी कुंदाचे डोळे ओढणीनं बांधले होते आणि तिच्या नाकाशी एकेक वस्तू धरत होत्या. साबण, जिरं, कुणाचा गजरा, कुणाची चप्पल. ती सगळी ओळखत होती, हसत होती, हसता हसता रडत होती. वास गेल्याचं तिनं त्यांना सांगितलेलं दिसत होतं, आणि आता तो परत आला होता. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं असतं, मी त्या वाटीचं खरं सांगितलं असतं तर. मी जिन्यातच थांबले. मला आनंद झाला का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं ते जुनंच होतं, हेवा.

काही महिन्यांत तिनं नोकरी सोडली. बारवी धरणाच्या बाजूला डोंगराखालच्या एका पाड्यावर तिची मावसबहीण दिलेली आहे. तिथल्या बायकांना जमवून तिनं गवती चहा आणि ईडलिंबाची पानं सावलीत वाळवायचं काम सुरू केलं. आमच्या पुडीला ती पानं लागतातच. सावंतसाहेबांनी तिच्याकडूनच घ्यायची असं ठरवलं. माल माझ्या टेबलावर येतो, मी तपासते. नापास करायला मिळेल असा एकही लॉट तिनं अजून पाठवलेला नाही.

गेल्या वर्षी नियम म्हणून माल पुरवणाऱ्यांची जागा बघायला मला जावं लागलं. बदलापूरहून रिक्षा केली. पाड्यावर कुडाची लांब पडवी, आत बांबूच्या ताटव्यांवर पानं पसरलेली, पाच-सहा बायका ती हलक्या हातानं परतत होत्या. कुंदानं मला नुसती तोंडओळख असल्यासारखं या म्हटलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी ताटवे पाहिले, कागद भरला. जेवणाची वेळ झाली होती. तिनं त्याच नूडल्सची दोन पाकिटं फोडली, ताजं पान, ताजी कांडी चुलीवर उकळत टाकली आणि वाटी माझ्या हातात दिली. इतकं चांगलं मी काहीच खाल्लेलं नाही. मी खात होते आणि वाट बघत होते. ती विचारेल, आधी काय येतं, मग काय, किती वेळ राहतं. या वेळी मी सगळं खरं सांगणार होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी निघाले. रिक्षाकडे जाताना मागं वळून पाहिलं तेव्हा बाकीच्या बायकांसाठी मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं. कुंदा पळी घेऊन त्यात ढवळत होती. शेजारी पाड्यावरची एक म्हातारी बसली होती. कुंदानं पळीतला रस फुंकून तिच्या हातावर घातला आणि विचारलं, "बघ गं, कसं लागतंय?"

म्हातारीनं हात चाटला, विचार केला आणि म्हणाली, मीठ कमी हाय.

कुंदानं स्वतः चाखून पाहिलं नाही. डब्यात हात घालून मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकलं.